बायकोसाठी पेपर स्प्रे घ्यायचाय? आधी तिचा अंगठा कुठे पोचतो ते बघा

ऐरोली-रबाळेकडच्या ऑफिसातून रात्री उशिरा ठाण्याला परतणाऱ्या बाईच्या वाटेत साधारण चार टप्पे असतात. कंपनीच्या गेटपासून स्टेशन, मग ट्रान्स-हार्बर लोकलचा डबा, मग ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसची, म्हणजे बसच्या उन्नत मार्गाची गर्दी आणि शेवटी रिक्षा, किंवा घोडबंदर रोडच्या थांब्यापासून सोसायटीच्या गेटपर्यंतचं चालणं. एकच वस्तू या चारही ठिकाणी सारखी चालत नाही. नवरेमंडळी मात्र ऑनलाइन शोधतात, चार-साडेचार तारे बघून मागवतात आणि ‘पर्समध्ये असू दे’ म्हणून हातात देतात. सहा महिन्यांनी ती डबी पर्सच्या तळाशी, टिकल्यांच्या पाकिटाखाली सापडते. झाकणही तोवर उघडलेलं नसतं.

खरेदीआधीचं एक काम आधी सांगून टाकतो. दुकानं आणि कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि ने-आण करायची सोय मालकाला करावी लागते. कंपनी कॅब देत नसेल तर आधी ती मागा. दारापर्यंत येणाऱ्या गाडीची बरोबरी कुठलाही स्प्रे करत नाही.

आता स्प्रे. बाजारात २०० ते ५०० रुपयांत, ५०-६० मिलीच्या आसपासचे डबे सहज मिळतात, परवाना लागत नाही. आत मिरचीचा तेलकट अर्क असतो, ओलिओरेझिन कॅप्सिकम, म्हणजे लेबलवरचं ‘ओसी’. लेबलवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतात ते आकडे बहुधा निरुपयोगी असतात. ‘२० लाख स्कोव्हिल’ (तिखटपणा मोजायचं एकक) हा आकडा बरेचदा डब्यात भरण्याआधीच्या कच्च्या अर्काचा असतो. तो अर्क डब्यात १० टक्के असेल तर प्रत्यक्ष बाहेर पडणारं मिश्रण २ लाखांवर येतं. ‘१० टक्के ओसी’वरूनही तिखटपणा कळत नाही, कारण सौम्य अर्क जास्त भरला तरी टक्का वाढतोच. बघायचा तो ‘मेजर कॅप्सेसिनॉइड्स’चा, म्हणजे तिखटपणा आणणाऱ्या मुख्य घटकांचा टक्का. ०.७ च्या वर असेल तर माल चांगला. अमेरिकी साब्रे कंपनी तिच्या तिखट मालावर १.३३ टक्के छापते, त्यावरून अंदाज यावा. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर हा आकडाच नसतो. दोन डब्यांतला एक निवडायचा असेल तर तो छापणारा घ्या.

मग डबा उलटा करून तळ बघा. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख डब्यावरच छापलेली हवी. वर चिकटवलेलं स्टिकर सुटून येत असेल तर ठेवून द्या. मुदत साधारण दोन ते चार वर्षांची असते. मुदत गेल्यावर मिरचीचा तिखटपणा जात नाही, जातो तो आतला दाब. व्हॉल्व्हच्या रबरातून गॅस हळूहळू झिरपतो आणि तीन मीटर जाणारी धार हातभर अंतरावर गळून पडते. स्टेशनबाहेर फुटपाथवर मोबाइल कव्हरांशेजारी विकायला ठेवलेले, दिवसभर उन्हात तापलेले डबे याच कारणासाठी नकोत.

फवाऱ्याचे तीन प्रकार असतात आणि खरी निवड इथेच आहे. धुक्यासारखा फवारा दीड-दोन मीटर जातो, नेम चुकला तरी चेहऱ्यापर्यंत पोचतो, पण वारा आला की उलट अंगावर येतो. धार तीन-चार मीटर जाते, वाऱ्याला तुलनेने कमी दबते, पण नेम लागतो. जेल सगळ्यात कमी पसरतं आणि चिकटतं. मात्र ते डोळ्यांतच लागलं पाहिजे. कपाळावर लागलं तर परिणाम व्हायला वेळ जातो.

ठाणे-नवी मुंबईच्या हवेत धुकं फवारणारा डबा घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. पाम बीच रोड, सीवूड्स, ऐरोलीचा खाडीकडचा भाग इथे संध्याकाळी वारा असतोच. जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. आणि लोकलच्या डब्यात वर ओळीने पंखे फिरत असतात. महिला डब्यात धुकं मारलं तर एका माणसासाठी अख्खा डबा खोकत उतरेल. लिफ्टमध्ये तीच गत. स्टेशनच्या भुयारी मार्गातही तेच. मोकळ्या रस्त्यासाठी धार, बंदिस्त जागेसाठी जेल. एकच घ्यायचा असेल आणि जेल मिळत असेल तर जेल घ्या.

रिक्षाचं वेगळं. चालत्या रिक्षात चालकावर स्प्रे मारायचा नाही, कुठल्याही प्रकारचा. डोळे मिटलेल्या माणसाच्या हातात हँडल आणि मागे आपण, घोडबंदर रोडच्या कंटेनरांच्या मधोमध. तिथे अलार्म, फोन आणि सिग्नलला उतरणं, एवढंच.

आता अंगठ्याचं. डबा दुकानात तिच्या हातात द्या, तुमच्या नको. मुठीत धरून चार बोटं डब्याभोवती आणि अंगठा वर, अशी पकड यायला हवी. सगळ्यात चांगली रचना म्हणजे वर उघडणाऱ्या झापडीखाली अंगठा सरकवून बटण दाबायची. न बघता जमते, आणि पर्समध्ये चुकून दाबली जात नाही. दुसरी म्हणजे फिरवायचं कुलूप. ते डावखुऱ्या हाताला उलटं पडतं, घामेजलेल्या हाताला सरकतं. तिसरी, डिओडरंटसारखी टोपी काढून तर्जनीने दाबायची. ही घेऊच नका. टोपी काढायला दुसरा हात लागतो, आणि भोक कुणाकडे आहे ते अंधारात कळत नाही. अशी टोपीवाली डबी आधीच घरात येऊन पडली असेल तर डब्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे भोकाच्या बरोब्बर उलट, जखमेला लावायच्या कापडी पट्टीचा बोटभर तुकडा चिकटवा. पट्टी तळव्याला लागली की भोक समोर. दोन रुपयांचा उपाय आहे, पण चालतो.

आणल्यावर एकदा चाचणी घ्या. गॅलरीत नाही. शेजारच्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तिथेच असते. मोकळ्या मैदानात वारा पाठीवर घेऊन, जमिनीकडे, अर्धा सेकंद. धार सरळ जाते का आणि सोडल्यावर लगेच थांबते का, एवढंच बघायचं. थेंब थेंब गळत राहिला तर व्हॉल्व्ह खराब, बदलून घ्या. नंतर डब्याचं तोंड ओल्या टिश्यूने पुसा, नाहीतर सुकलेला अर्क भोक बुजवतो आणि तोच पर्समधून रुमालाला, रुमालावरून डोळ्याला लागतो. महिन्यातून एकदा डबा हलवा, कारण अर्क खाली बसतो.

सराव मात्र झापडी बंद ठेवून करायचा. बॅग खांद्यावर, ओढणी नेहमीसारखी, हातात छत्री. डबा बाहेर काढून हात पुढे ताणेपर्यंत किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. दोन सेकंदांत जमलं पाहिजे. पहिल्यांदा सहा-सात लागतात आणि कारण जवळपास नेहमी एकच: डबा मोठ्या कप्प्यात, डब्या-बाटल्यांच्या खाली. बॅगेच्या बाहेरच्या खिशात, ज्या हाताने वापरायचा त्या बाजूला, एकटाच ठेवा. गर्दीत सॅक पुढे घ्यायची सवय असेल तर बाजू उलटी होते, तोही सराव हवा. पावसाळ्यात रेनकोट वरून चढला की कुर्त्याचा खिसा संपला, मग डबा रेनकोटच्याच खिशात.

स्कूटरच्या चावीला लटकवायचे छोटे डबे दिसायला छान असतात, पण चावी लावलेली असताना डबा हातात नसतो. आणि डिकीत तर ठेवूच नका. ५० अंशांच्या वर नेऊ नका असं बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं. मे महिन्यात स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात उभ्या गाडीची डिकी कशी तापते ते सीट उचलणाऱ्याला माहीत आहे.

स्प्रे मारायचा तो समोरच्याच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोळ्यांच्या रेषेत, एखाद-दीड सेकंद. आणि लगेच बाजूला सरकून निघायचं, परिणाम बघत उभं राहायचं नाही. डोळे मिटायला काही क्षण जातात आणि दारू प्यायलेला माणूस तेवढ्यात पुढे येऊ शकतो. आपल्याच डोळ्यांत गेला तर चोळू नका. भराभर डोळे मिचकावा, लेन्स असतील तर काढून फेका, पंधरा-वीस मिनिटं गार पाणी सोडत राहा. अर्क तेलकट असल्याने त्वचेवरून नुसत्या पाण्याने जात नाही, डोळ्यांना न झोंबणारा लहान मुलांचा शाम्पू लावा. तूप, खोबरेल, क्रीम काही नाही, तेलात तो आणखी पसरतो. आग अर्धा-पाऊण तास राहते. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना. घरात दम्याचा त्रास तिलाच असेल तर स्प्रे ही पहिली निवड नाहीच. आणि लहान मूल असलेल्या घरात डबा ड्रेसिंग टेबलावर नको, तो हुबेहूब परफ्यूमसारखा दिसतो.

‘त्यापेक्षा मिरचीपूड ठेव’ हा घरोघरचा सल्ला आहे. दमट हवेत पुडीचे गोळे होतात, नेम नावाची गोष्ट नाही, आणि अर्धी पूड आपल्याच हाताला.

रोजच्या वापरात आम्ही स्प्रेच्याही आधी अलार्म ठेवू. साखळी ओढली की पिन निघते आणि कर्कश भोंगा सुरू होतो, पिन परत घातल्याशिवाय थांबत नाही. ‘१३० डेसिबल’ छापतात, पण तो आकडा भोंग्याला कान लावण्याइतक्या जवळचा. अंतर दहापट झालं की २० डेसिबल कमी होतात. दहा सेंटिमीटरवर १२० असेल तर एक मीटरवर १०० आणि दहा मीटरवर ८०. रात्रीच्या सोसायटीच्या गल्लीत ८० पुष्कळ झाले, वॉचमन उठतो. धावत्या लोकलमध्ये तेवढं खडखडाटात बुडून जातं. पिनची साखळी धातूची हवी, नायलॉनची दोरी सहा महिन्यांत तुटते. साखळीचं टोक पट्ट्याला आणि भोंगा बॅगेच्या आत नको, उलटं करा: भोंगा पट्ट्याला घट्ट, साखळी आखूड आणि हाताजवळ. लांब साखळी ठाण्याच्या फलाटावर कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि भर गर्दीत भोंगा वाजतो. असं दोनदा झालं की बाई तो काढून घरी ठेवते. बटण-सेल पावसाळ्यात गंजतात, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला एकदा वाजवून बघा. चार्जिंगवाला असेल तर फोनबरोबरच लावा.

शिट्टी स्वस्त आहे, पण आत गोटी नसलेली घ्या. गोटीवाली भिजली की अडकते. चांगला टॉर्चही चालतो, शेपटीला बटण असलेला, ५०० ल्युमेनच्या पुढचा. कुणी हरकत घेत नाही आणि रोज कामाला येतो.

लायटरएवढा ‘स्टन गन’ घेऊ नका. त्यावर ५० लाख व्होल्ट लिहिलेलं असतं. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर ठिणगी उडायला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. दोन टोकांत दोन सेंटिमीटर अंतर म्हणजे ६० हजारांच्या आसपास. ५० लाख खरे असते तर ठिणगी दीड मीटरहून लांब उडाली असती. शिवाय वापरायचा तर अंगाला टेकवावा लागतो, म्हणजे ज्याच्यापासून लांब जायचं त्याच्याच जवळ जायचं. वर २०१६ च्या शस्त्र नियमांत विजेचा झटका देणाऱ्या उपकरणांचा विचार झालेला आहे, परवान्याचं झेंगट नको.

कायद्याची बाजू स्प्रेलाही आहेच. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. त्यातलं ३७ सांगतं की बचावापुरतीच इजा करता येते, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क उरत नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका वादात पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला. म्हणजे पार्किंगच्या भांडणात किंवा सीटवरून तो काढायचा नाही. वापरावा लागलाच तर सुरक्षित जागी पोचून आधी आपण ११२ ला फोन करायचा, रेल्वेत असाल तर १३९. फोनचं पॉवर बटण भराभर दाबल्यावर आणीबाणीचा कॉल जातो का, कितीदा दाबल्यावर जातो आणि कुणाला जातो, हे तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये आजच बसवून ठेवा. विमानप्रवासाला निघताना बॅग तपासा, स्प्रे केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

मुदत संपलेला डबा ओल्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीत दाबला जाऊन फुटतो. मैदानात वारा पाठीवर घेऊन तो नेमाच्या सरावासाठी संपवा. झाडाला चेहऱ्याच्या उंचीवर जुना पेपर लावा आणि तीन मीटरवरून धार कुठे लागते ते तिला बघू द्या. रिकामा डबा ट्यूबलाइट, जुनी औषधं यांच्याबरोबर वेगळा द्यायचा, आणि नव्या डब्याची तारीख तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये, दोन महिने आधीची.