बाहेर वाढवलेल्या पेशी की आतल्याच मोकळ्या सोडलेल्या?

स्तनाचा कर्करोग, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनची आणि हर२ ची चिन्हं नसलेला), पसरलेला, आणि डॉक्टर म्हणालेत, ‘इम्युनोथेरपीचं बघू या,’ म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला लढायला लावणारा उपचार. अशा घरासाठी हे लिहितो आहे. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, केमो कशी देतात, हे एव्हाना तुम्हाला माझ्याइतकंच पाठ झालेलं असेल. माझ्या थोरल्या बहिणीसाठी हा निर्णय आम्हाला घ्यावा लागला तेव्हा समोर तीन वाटा होत्या. केमोबरोबर दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, परदेशातली टी-पेशींची चाचणी, आणि एका खासगी केंद्राचं ‘इम्यून सेल पॅकेज’. मी डॉक्टर नाही, ताईची फाइल सांभाळणारा भाऊ आहे. तुमची केस वेगळी असू शकते, हे आधीच सांगून ठेवतो.

चौथी वाट घरच्या ग्रुपवर रोज येते, तिचं आधी उरकू. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींनी घडवलेली नेक्सकार१९ ही कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून, कर्करोगाच्या पेशीवरचं चिन्ह ओळखायला लावतात तो उपचार) खरी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण ती सीडी१९ हे चिन्ह असलेल्या बी-पेशींच्या मागे लागते, म्हणजे काही लिम्फोमा आणि ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगांच्या. स्तनाच्या गाठीवर ते चिन्ह नसतं. मग गाठीवरचं चिन्ह धरून कार-टी का करत नाहीत? करून पाहिली आहे. हर२ हे चिन्ह धरून बनवलेल्या पेशी अमेरिकेत आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाला मोठ्या मात्रेत दिल्या होत्या. पंधरा मिनिटांत श्वास लागला आणि पाच दिवसांनी मृत्यू झाला. फुप्फुसातल्या निरोगी पेशींवर थोडंसं हर२ असतं, त्यावरच त्या पेशी तुटून पडल्या असाव्यात, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटलं आहे. त्यानंतर मात्रा कमी करून प्रयोग चालू राहिले आहेत, पण स्तनासाठी कार-टी सध्या फक्त चाचणीतच मिळते.

आता चाचणीची वाट. तिचं आकर्षण मला आजही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने फ्लोरिडातल्या एका बाईच्या गाठीत शिरलेल्या टी-पेशी काढल्या, त्यातल्या गाठीतले जनुकीय बिघाड ओळखणाऱ्या निवडल्या, वाढवल्या आणि सुमारे ८,००० कोटी पेशी तिला परत दिल्या. केमो आणि हार्मोनची औषधं थकल्यावरचं हे. गाठी नाहीशा झाल्या आणि पाच वर्षं उलटल्यावरही परतलेल्या नव्हत्या. २०१८ ची ती बातमी तुम्हीही वाचली असेल. बातमीत शेवटच्या ओळीला जाणाऱ्या दोन गोष्टी मात्र आहेत. त्या बाईचा प्रकार ट्रिपल निगेटिव्ह नव्हता, हार्मोन पॉझिटिव्ह होता. आणि पेशींबरोबर तिला पेम्ब्रोलिझुमॅबचे डोसही दिलेले होते. त्याच गटाने २०२२ मध्ये पुढचा हिशोब मांडला. ४२ जणींच्या गाठी तपासल्या, २८ जणींच्या टी-पेशी बिघाड ओळखणाऱ्या निघाल्या, उपचार सहा जणींवर झाला आणि तिघींच्या गाठी आकसल्या. त्या तिघींत फ्लोरिडाची बाई धरलेली आहे.

आम्ही एका परदेशी चाचणीच्या समन्वयकांना मेल केला. उत्तरात अटींची यादीच आली. कापून काढता येईल अशी गाठ हवी. पेशी वाढेपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात, तोवर तग धरेल अशी प्रकृती हवी. पेशी द्यायच्या आधी सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडारॅबिनने असलेली प्रतिकारशक्ती झोपवतात, नंतर टी-पेशींना पोसणारं इंटरल्युकिन-२ देतात, तेही रुग्णालयात मुक्काम करून. आजार किती वाढला तर रुग्णाला चाचणीतून बाहेर काढणार, हेसुद्धा आकड्यांत लिहिलेलं होतं. ताईच्या फुप्फुसातल्या गाठी बारीक आणि विखुरलेल्या, काढण्याजोगी एकही नाही. त्यांनी नम्रपणे नकार कळवला. वाईट वाटलं, पण माणसं सरळ होती.

पॅकेजवाले नकार देत नाहीत. तिथे डेंड्रिटिक पेशी आणि एनके पेशी अशा प्रतिकारशक्तीच्याच दोन प्रकारच्या पेशींचं मिश्रण होतं. रक्त काढायचं, प्रयोगशाळेत वाढवायचं, टप्प्याटप्प्याने परत चढवायचं. ना गाठ कापायची, ना केस गळायचे. समुपदेशक मुलगी बोलायला गोड, ताईला ‘मावशी’ म्हणणारी. पैसे सगळे आगाऊ, तेही मी गिळलं असतं. मी विचारलं, किती डोसनंतर स्कॅन करायचा आणि गाठ वाढलेली दिसली तर पुढे काय? ती म्हणाली, वाढलेली दिसली तर घाबरू नका सर, पेशी गाठीत शिरल्या की सूज येते, ती काम करत असल्याची खूण. आणि कमी झाली तर? मग तर काम करतच आहेत. आणि तेवढीच राहिली तर? रोखून धरली आहे.

मी तोच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारला. तिने भूक, झोप, चेहऱ्यावरचा तजेला यांची चौकशी केली. अशी सूज खरोखर येते, पण क्वचित, आणि ती येते म्हणूनच पुन्हा स्कॅन कधी करायचा हे नेमून ठेवायचं असतं. इथे कुठलाही स्कॅन अपयशाचा असूच शकत नव्हता. थांबायचं कधी, हे कागदावर लिहून द्या म्हटलं तर ‘मोठे डॉक्टर बोलतील’. मोठ्या डॉक्टरांचा फोन आला तो ‘या आठवड्यातली सवलत’ सांगायला. माझ्यापुरता निकाल तिथे लागला. बाकीचे मुद्दे मी नंतर गोळा केले. त्यातला एक सांगतो. चीनमध्ये २१ वर्षांचा एक विद्यार्थी सर्च इंजिनवर वर दिसणाऱ्या बीजिंगच्या रुग्णालयात अशाच पेशी घेत राहिला आणि २०१६ मध्ये गेला. मोठा गहजब झाला आणि तिथल्या सरकारला असे पेशी-उपचार विकणं थांबवावं लागलं.

पेम्ब्रोलिझुमॅब त्या मानाने नीरस. पेशी बाहेर वाढवत नाही, आहेत त्यांचीच साखळी सोडतं. सुटलेला राखण्या कुत्रा कधी घरच्यांनाही चावतो, तसं ताईच्या थायरॉइडला चावलं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, ती बहुतेक कायमची. कुणाला फुप्फुस, यकृत किंवा आतड्यांना सूज येते, औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीसुद्धा, म्हणून नवा खोकला किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी कळवायचं. मोजमाप म्हणाल तर कीनोट-३५५ या चाचणीत ८४७ रुग्ण होते. ज्यांचा सीपीएस (गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन किती, ते सांगणारा आकडा) १० किंवा जास्त, त्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, तो आकडा) केमोबरोबर हे औषध घेऊन २३ महिने आणि नुसत्या केमोवर १६.१ महिने आलं. बरं होण्याचं वचन हे नव्हे, हे आम्हालाही कळतं. महाग आहे, आणि कंपनीच्या मदत योजनेचे कागद जमवणं ही वेगळी नोकरी आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा.

पण ताईच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच फाइलवर दोन ओळी लिहिल्या. तीन सायकलनंतर पेट स्कॅन. वाढ दिसली तर शंका असल्यास लवकर फेरस्कॅन, नाहीतर औषध बंद, दुसरी लाइन (पुढचं वेगळं औषध). त्या दोन ओळींवर मी निर्धास्त झोपलो. पहिल्या स्कॅनमध्ये काही गाठी आकसलेल्या होत्या, काही तशाच. ताई सध्या सलाईन संपलं की घरी येऊन स्वतः कुकर लावते, आम्ही ओरडलो तरी.

तुमचा सीपीएस दहाच्या खाली असेल तर माझा कल इतका ठाम राहणार नाही. मग मी डॉक्टरांना कुठे चाचणी आहे का विचारेन आणि तिचा क्रमांक सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत तपासेन. चाचणीतल्या औषधाचे पैसे साधारणपणे रुग्णाकडून घेत नाहीत, घेत असतील तर तिथूनच परत फिरेन. आणि बायोप्सीचा ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) जिल्ह्याच्या लॅबमध्ये पडून असेल तर आजच कुणाला तरी पाठवा. पीडी-एल१ ची तपासणी २२सी३ नावाच्या पद्धतीने करून सीपीएसचा आकडा लिहून मागा, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको.