न्यासाचं अनुदान की कंपनीचा सीएसआर?

तालुक्यात अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न: अर्ज आधी कुठे करू, न्यासाकडे (ट्रस्टकडे) की कंपनीच्या सीएसआरकडे (कायद्याने समाजकामासाठी खर्चायचा निधी)?

कागदपत्रं: सीएसआरला १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव नियमानेच लागतो. न्यास आपल्या अटी स्वतः ठरवतो.

भरवसा: सीएसआर म्हणजे कंपनीच्या मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के. नफा घटला की ही रक्कमही घटते. न्यासाचा आधार बहुधा गुंतवणुकीचं उत्पन्न. सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२पासून चालू आहे.

पगार: खरी मेख इथे. बाकं, संगणक कंपनी चटकन देते (फोटो निघतो ना!), ग्रंथपालाच्या पगाराचं नाव काढलं की बोलणी थंडावतात. न्यास निदान ऐकून घेतात, पण भेटी आणि शंकांमध्ये महिने जातात.

एकदाच फर्निचर हवं असेल तर सीएसआर. माणसं टिकवायची असतील तर न्यास. संस्था नवी असेल तर आधी गावातले देणगीदार गाठा.