पहिला मेटल डिटेक्टर घेताना: एस, सिम्प्लेक्स की व्हँक्विश?

पहिला मेटल डिटेक्टर घ्यायला निघालेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: किती खोल जातो? ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले मराठी मित्र या छंदाकडे वळतात, तेव्हा त्यांचाही हाच प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. खोलीचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी सांगा, शोधणार कुठे? नांगरलेल्या शेतात, घरामागच्या बागेत की समुद्राच्या ओल्या वाळूत? हे एकदा ठरलं की कोणतं मशीन घ्यायचं, हे बरंचसं ठरतं.

तीनच मशीनं घेऊ, कारण नवशिक्याच्या बजेटमध्ये सध्या हीच नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. टेक्सासमधली गॅरेट कंपनी १९६४ पासून या धंद्यात आहे. तिचं एस ३००आय हे सोपं आणि खात्रीचं मशीन. इस्तंबूलच्या नोक्ताचं सिम्प्लेक्स २०१९ च्या अखेरीस आलं. स्वस्त मशीन पाण्यापासून जपावंच लागतं, हा समज त्याने मोडला. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबने त्याच वर्षी व्हँक्विश मालिका आणली. त्यातलं ४४० आपण बघू. इंग्लंडमधल्या दुकानांत तिघांच्याही किमती ढोबळमानाने दोनशे ते तीनशे पौंडांच्या आसपास फिरतात. म्हणजे किमतीवरून निवड होत नाही, ती जमिनीवरून करावी लागते.

ओली वाळू

तिघांचं मूळ तत्त्व एकच. कॉइलमुळे, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीमुळे, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याने पुरलेल्या धातूत बारीक विद्युतप्रवाह घुमू लागतात, आणि त्या प्रवाहांचा परिणाम कॉइलमधली दुसरी गुंडाळी टिपते. परत आलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या किती मागे पडला, यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. अडचण अशी की वीज फक्त धातूतूनच वाहते असं नाही. खाऱ्या पाण्यातूनही ती वाहते. भरती ओसरल्यावर उघडी पडलेली ओली वाळू मशीनच्या लेखी एक मोठा, पसरट, मंद धातूच असतो.

एस ३००आय ८ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, सिम्प्लेक्सचं पहिलं मॉडेल १२ किलोहर्ट्झवर. एकच फ्रिक्वेन्सी असली की मिठाचा सिग्नल आणि धातूचा सिग्नल वेगळे काढणं कठीण जातं. एस घेऊन ओल्या वाळूत उतरलात, तर प्रत्येक झोक्याला चिवचिवाट सुरू होतो. सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणली की तो थांबतो, पण त्याबरोबर वीतभर खोलवरची बारीक अंगठीही हातची जाते. सिम्प्लेक्समध्ये बीच मोड आहे आणि तो बऱ्यापैकी काम करतो. तरी झोक्याच्या टोकाला कॉइल जरा उचलली गेली की मशीन कुरकुरतंच.

व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. मिठाचा परिणाम वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळा दिसतो, त्यामुळे मशीनला तो ओळखून वजा करता येतो. ओल्या वाळूवर ते जवळजवळ गप्प चालतं, आणि बोललं की खणावं. घर समुद्राजवळ असेल आणि शनिवार-रविवार किनाऱ्यावरच जाणार असतील, तर माझं मत सरळ आहे: व्हँक्विश घ्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. व्हँक्विशची कॉइल मीटरभर पाण्यात बुडवता येते, पण वरचा डबा, म्हणजे पडदा आणि बटणं असलेला भाग, जलरोधक नाही. घोट्याएवढ्या पाण्यात चालाल. लाटांत उभं राहायचं नाही. उलट सिम्प्लेक्स अख्खं पाण्याखाली चालतं, पहिलं मॉडेल तीन मीटरपर्यंत आणि २०२३ मध्ये आलेली नवी मॉडेलं पाच मीटरपर्यंत, पण खारं पाणी हाच त्याचा कच्चा दुवा. दोन्ही हवं असेल तर याच कंपन्यांची वरच्या दर्जाची मशीनं बघावी लागतात, माइनलॅबचं इक्विनॉक्स किंवा नोक्ताचं लेजंड. पहिल्याच खरेदीला तेवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. किनाऱ्याच्या वरच्या भागातली कोरडी वाळू तिघांनाही सारखीच सोपी आहे.

शेत, पाऊस आणि चिल्लर

इंग्लंडातल्या आतल्या भागात, शेतकऱ्याच्या परवानगीने नांगरलेल्या शेतात शोधणार असाल तर चित्र बदलतं. इथे मीठ नाही, पण पाऊस आहे. पिकं निघाल्यापासून नवी पेरणी होईपर्यंत शेतं मोकळी असतात आणि तेच दिवस इथल्या रिपरिपीचे. एस आणि व्हँक्विशला अशा वेळी वरच्या डब्यावर कव्हर घालावं लागतं. सिम्प्लेक्स चिखलाने माखलं तर घरी येऊन नळाखाली धुता येतं. अंधार लवकर पडतो तेव्हा त्याच्या पडद्याचा प्रकाश कामाला येतो. त्याची बॅटरी आतच बसवलेली आणि चार्ज करायची. बाकीच्या दोघांना चार एए सेल लागतात. सेल वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळतात, हा तोटा नव्हे, सोयच आहे.

सिम्प्लेक्सची दुसरी जमेची बाजू म्हणजे ग्राउंड बॅलन्स. मातीत लोहखनिजं असतात आणि त्यांचाही सिग्नल येतो. बटण दाबून धरायचं, कॉइल जमिनीपासून वीतभर वर-खाली करत राहायची, आवाज शांत झाला की बटण सोडायचं. मशीनने त्या शेताची माती ओळखलेली असते. एसमध्ये ही सोय नाही, ते कारखान्यात ठरलेल्या मापावर चालतं. व्हँक्विश हे काम आपलं आपण करतं. इंग्लंडच्या बऱ्याच शेतांत एसचं काही बिघडत नाही. लोहखनिज जास्त असलेल्या लालसर जमिनीत मात्र फरक ऐकू येतो.

कॉइलच्या आकाराबद्दलही थोडं. एस ३००आयच्या कॉइलमध्ये एकात एक बसवलेल्या गोलसर गुंडाळ्या असतात. वस्तू नेमकी कॉइलच्या मध्याखाली आहे, हे तिच्यावर पटकन कळतं. सिम्प्लेक्स आणि व्हँक्विशच्या कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात. खनिजयुक्त मातीत ती शांत राहते आणि खिळ्यांच्या गर्दीत शेजारचं नाणं वेगळं काढते.

पण शेतात खरी परीक्षा कानांची होते. नांगराने फाडलेले ॲल्युमिनियमच्या कॅनचे तुकडे, आणि खत म्हणून पसरलेल्या हिरव्या कचऱ्याबरोबर आलेली धातूची भंगारं यांनी कित्येक शेतं भरलेली आहेत. दोन पेन्सचं आजचं नाणं सप्टेंबर १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं, त्याआधीचं ब्राँझचं. दिसायला दोन्ही एकच, मशीनवर आवाज आणि आकडा वेगळे. घरीच गवतावर ही दोन्ही ठेवून त्यांच्यावरून कॉइल फिरवून पाहा. आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पुस्तिकेपेक्षा लवकर कळेल.

आता ज्यासाठी लोक शेतात जातात ते नाणं: मध्ययुगातली ठोकून पाडलेली चांदीची पेनी. पातळ, जेमतेम दीड ग्रॅमची. सुटे पैसे हवे असले की लोक तिचे दोन किंवा चार तुकडे करत. राजा पहिला एडवर्ड याने १२७९ पासून गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, पाडायला सुरुवात केल्यावर ही चाल मागे पडली. पेनीचा असा पाव तुकडा नखाएवढा असतो आणि त्याचा सिग्नल ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाएवढाच येतो. कचरा टाळायला डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, वर चढवणारा नवशिक्या नेमकं हेच गमावतो. एसचा कॉइन मोड लावून शेतात हिंडू नका. काहीच न गाळणारा झिरो मोड लावा, मग फक्त लोखंड वगळा, बाकी सगळं खणा. व्हँक्विशवर आकडा उणे नऊपासून चाळीसपर्यंत असतो आणि उणे आकडे लोखंडाचे, त्यामुळे ते समजायला सोपं पडतं. एस आणि सिम्प्लेक्सवर शून्य ते नव्व्याण्णव.

शेतासाठी माझी पसंती सिम्प्लेक्सला. मुलांबरोबर बागेत आणि उद्यानात, तेही उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी असेल तरच, अधूनमधून फिरवायचं असेल तर एस पुरे. दहा वर्षांच्या मुलीला त्याची बटणं पाच मिनिटांत समजतात, आणि पुढे विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळतं.

मशीनपलीकडचा खर्च आणि कायदा

सगळे पैसे मशीनवर घालू नका. हातात धरायचा पिनपॉइंटर घ्याच. मशीन जागा दाखवतं, पण चिखलाच्या ढेकळात नखाएवढा तुकडा शोधायला पिनपॉइंटरच लागतो. त्याशिवाय खड्डा मोठा होतो आणि खोऱ्याचं पातं नाण्यावर बसतं. मजबूत, अरुंद पात्याचं खोरं आणि साधे वायरचे हेडफोन हे बाकीचं. हिरवळ असेल तर गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटा टाका, आणि माती परत भरून तो जागेवर दाबा. पुढच्या वर्षी परवानगी मिळणार की नाही, ते यावरच ठरतं.

परवानगी म्हणजे जमीनमालकाची, शक्यतो लेखी, आणि सापडलेल्या वस्तूंचा वाटा कसा करायचा हेही त्यातच लिहिलेलं. संरक्षित पुरातत्त्वीय स्थळांवर १९७९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार, तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा अशी दोन नाणी एकत्र, सापडली तर चौदा दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावं लागतं. २०२३ मध्ये ही व्याख्या आणखी रुंद झाली. खजिन्यात न मोडणाऱ्या वस्तूही पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, सापडलेल्या पुराणवस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या अधिकाऱ्याला दाखवून नोंदवाव्यात, असं मी कळकळीने सांगेन. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, आणि आयर्लंडमध्ये पुराणवस्तू शोधायला परवाना लागतो. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं की दायित्व विमाही मिळतो. बरेच शेतकरी आधी त्याबद्दलच विचारतात.

नोंद का करायची, याचं एक उदाहरण आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एका हौशी शोधकाला बागेत चांदीचं नाणं मिळालं. ते येमेनमध्ये १६९३ साली पाडलेलं होतं. सुरतेकडे येणारं मोगलांचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज १६९५ मध्ये लुटणाऱ्या हेन्री एव्हरीच्या चाच्यांशी त्याचा संबंध जोडला गेला. ते कुठे सापडलं हे ठाऊक नसतं, तर ते फक्त एक जुनं अरबी नाणं राहिलं असतं.

हेच मशीन घेऊन सुट्टीत महाराष्ट्रात जायचा विचार असेल, तर तो सोडा. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. संरक्षित गडकोट आणि लेणी यांच्या आवारात तर खणायचंच नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड गावात, सोन्याची नाणी पुरल्याच्या अफवेवरून लोकांनी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरली. ज्या मातीचे थर पुढे पुरातत्त्व अभ्यासकाला काही सांगू शकले असते, ते अशा एका रात्रीत कायमचे विस्कटतात.

जुनं मशीन घेणार असाल तर समोर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कॉइलमध्ये जिथे केबल शिरते ती जागा हाताने हलकेच हलवा. तेवढ्याने आवाज येत असेल तर केबल आतून तुटत आली आहे. सेलचा कप्पा उघडून हिरवट गंज आहे का पाहा. सिम्प्लेक्स असेल तर चार्जिंगच्या टोकांवरचा गंज तपासा, कारण समुद्रात वापरून न धुतलेलं मशीन तिथेच बिघडायला लागतं. मूळ पावती मागा. गॅरेट आणि माइनलॅबच्या नकली मालाचा सुळसुळाट आहे, आणि पावती नसलेल्या, फार स्वस्त 'नव्या' मशीनला कंपनीची वॉरंटी मिळत नाही.