वजीर लवकर काढायचाच असेल तर: एच५ की सेंटर गेम?

बुद्धिबळात सुरुवातीला वजीर बाहेर काढू नये, हे पट मांडायला शिकतो त्याच आठवड्यात कानावर पडतं. तरी १. ई४ ई५ नंतर, म्हणजे दोघांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवल्यावर, पांढऱ्याला मोह पडावा अशा दोन वाटा आहेत.

पहिली, २. वजीर एच५. अमेरिकेचे मास्टर बर्नार्ड पॅरम यांनी ती आयुष्यभर मनापासून खेळली. ई५ च्या प्याद्यावर मारा असतो. काळ्याने घाबरून २...जी६ केलं (आकड्यानंतरची तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल), तर वजीर ई५ चं प्यादं मारून शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती जातो. २...घोडा सी६ ३. उंट सी४ नंतर ३...घोडा एफ६ म्हणजे एफ७ वर थेट मात. नवशिके इथेच पडतात.

पण ३...जी६ आलं की रंग बदलतो. वजीर एफ३ वर, काळ्याचा घोडा एफ६ वर, मग उंट जी७ वर. उंटासाठी छान घर तयार करणारी जी६ ही चाल आपणच त्याच्याकडून करून घेतली! शिवाय एफ३ हे आपल्या घोड्याचं हक्काचं घर वजिराने अडवलं, घोडा बिचारा ई२ वर. २००५ मध्ये हिकारू नाकामुराने ग्रँडमास्टर शशिकिरणविरुद्ध हे धाडस केलं. ओपनिंगमधून तो धडपणे बाहेर पडला, डाव मात्र शशिकिरणने जिंकला. म्हणजे ही चाल लगेच बुडवत नाही, पण जाणत्यासमोर हाती काही लागतही नाही.

दुसरी वाट सेंटर गेमची: २. डी४, काळा प्यादं मारतो, ३. वजीर डी४. काळ्याचा घोडा सी६ वर येऊन वजिराला हुसकावतो, एक चाल इथेही जाते. फरक असा, की चौथ्या चालीला ई३ वर गेलेला वजीर ई४ चं प्यादं राखतो. घोडा सी३, उंट डी२ आणि मोठ्या, म्हणजे वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं), एवढं झालं आणि काळ्याने लहान बाजूला कॅसलिंग केलं की राजे विरुद्ध बाजूंना जातात आणि खरी लढाई सुरू होते. मला हाच डाव आवडतो.

बुलेटमध्ये, म्हणजे एक-दोन मिनिटांच्या झटपट डावात, किंवा अगदी नवख्यांशी खेळताना एच५ ने गुण मिळतील. रेटिंगच्या क्लासिकल (विचाराला भरपूर वेळ असलेल्या) स्पर्धेला बसणार असाल, तर सेंटर गेमच घ्या. तयारी मात्र एका जागी नीट करा: काळा उंट बी४ वर आणून कॅसलिंग करतो आणि ७...हत्ती ई८ ने ई४ वर दाब आणतो. तिथे ८. वजीर जी३ करून प्यादं सोडायचं आणि राजावर चढाई करायची, की ८. उंट सी४ ने मोहरी बाहेर काढायची, हे घरीच ठरवून जा.