वीस घरं, एक टोकन: पहिलंच घ्यायचं, थांबायचं की आधीच लाईन आखायची?

भाच्याला मुलुंड-भांडुप साईडला भाड्याने वन बीएचके हवाय, वीसेक घरं बघायची तयारी आहे पण आपल्याकडे संध्याकाळी बघितलेलं घर सकाळपर्यंत गेलेलं असतं, त्यामुळे हो-नाही तिथल्या तिथेच. गणितवाले यालाच सेक्रेटरी प्रॉब्लेम म्हणतात, 1960 पासून गाजतोय.

पहिल्याच घराला टोकन दिलं तर विसातलं बेस्ट मिळायचा चान्स 5 टक्के. पहिलं सोडून त्याच्यापेक्षा बरं दिसेल ते घेतलं तर साधारण 18. आणि पहिली 7 नुसती बघायची, मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असं जे पहिलं येईल ते घ्यायचं, तर 38. म्हणजे थांबणारा जिंकला? थांबा जरा. बेस्ट घर त्या पहिल्या सातातच असलं तर, आणि हे 35 टक्के वेळा होतं, पुढे काहीच पटत नाही आणि शेवटी विसावं जे असेल ते गळ्यात. मी असतो तर 4 च सोडली असती, चान्स 34 वर येतो पण गळ्यात पडायची भीती 20 टक्क्यांवर.

आता खरी गोम. हे सगळे आकडे घरं कशाही क्रमाने समोर येतात असं धरून आहेत, आणि आपला ब्रोकर आधी दोन भंगार दाखवतो, ओल आलेली भिंत, खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत, की तिसरं बघून आपण 'अरे वा' म्हणतो! 'आधीच्यापेक्षा बरं' वाला इथेच फसतो.

तिसरा रस्ता म्हणजे लाईन आधीच आखायची. एरियातले रेट आणि घरं माहीत असतील तर अशी पातळी ठरव की विसात निदान एक तरी तिच्या वर निघायचा चान्स फिफ्टी-फिफ्टी असेल, आणि वर गेलेलं पहिलं घर घे. संख्याशास्त्रज्ञ एस्टर सॅम्युएल-कान यांनी 1984 साली दाखवलं की सगळी घरं आधीच बघून निवडणाऱ्याला सरासरी जितकं चांगलं घर मिळतं, त्याच्या निम्म्याइतकं तरी चांगलं अशाने सरासरीने हाताला लागतंच, मग ब्रोकरने क्रम कसाही लावू दे. निम्मं ऐकून नाक मुरडू नकोस, सगळ्यात वाईट केसमध्ये यापेक्षा जास्तीची गॅरंटी कुठलाच नियम देऊ शकत नाही.

भाचा नाशिकहून येतोय, रेटचा पत्ता नाही, त्याने चार सोडावीत, तीही वेगवेगळ्या ब्रोकरकडची. भांडुपातच वाढलेल्याने लाईन आखावी. पहिल्यालाच टोकन फक्त एकतीस तारखेला.