कॅलगूर्लीचे पॅलेस हॉटेल: नळाच्या पाण्याआधी उभे राहिलेले

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटरवर कॅलगूर्ली हे सोन्याच्या खाणींचे गाव आहे आणि तिथल्या हॅनन स्ट्रीट व मॅरिटाना स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८९७ साली बांधलेले पॅलेस हॉटेल आजही चालू आहे. पर्थहून ‘प्रॉस्पेक्टर’ या रेल्वेगाडीने पावणेसात तासांच्या आसपास लागतात. त्या प्रवासात खिडकीबाहेरची हिरवळ संपून लाल माती आणि खुरटी झुडपे कशी सुरू होतात, हे लक्षपूर्वक पाहावे असे मी आवर्जून सांगेन, कारण या हॉटेलचे मोल त्या कोरड्या मुलखाशिवाय कळत नाही.

पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तिघा आयरिश माणसांना इथे सोने सापडले ते जून १८९३ मध्ये. रेल्वे पोहोचली सप्टेंबर १८९६ मध्ये. तोवर माल येई तो मुख्यतः घोड्यांच्या गाड्यांवरून किंवा उंटांच्या तांड्यांवरून, आणि ते तांडे हाकणाऱ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जात असले तरी त्यांच्यात बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबातली माणसेही होती. तंबू आणि पत्र्याच्या खोपटांच्या या वस्तीत पहिल्या शोधानंतर अवघ्या चार वर्षांत दगडी, ऐसपैस हॉटेल उभारणे म्हणजे खाण आटली तरी गाव राहील, असे ठामपणे मानणे होते. सोने संपताच ओस पडलेली किती तरी गावे याच भागात आहेत, म्हणून हा विश्वास मला फार मोठा वाटतो.

इथे खरी टंचाई होती ती पाण्याची. खारे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळणारे पाणी गॅलनच्या भावाने विकत घ्यावे लागे, आणि विषमज्वराने माणसे दगावत. पर्थजवळच्या मुंडेरिंग धरणातून आठ पंपिंग स्टेशनांच्या बळावर साडेपाचशे किलोमीटरांहून लांब नळाने पाणी इथे आले ते २४ जानेवारी १९०३ रोजी. ती योजना आखणारे अभियंता सी. वाय. ओ’कॉनर यांनी, अतोनात टीका सोसून, आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये आत्महत्या केली होती. म्हणजे सुरुवातीची पाच-सहा वर्षे या हॉटेलात पाहुण्याच्या खोलीतला तांब्याभर पाणीसुद्धा मोजूनमापून आलेला असणार. खोलीत नळ सोडताना मला हेच आठवत राहिले.

दर्शनी दालनात कोरीव लाकडी चौकटीचा भव्य आरसा आहे. तो हर्बर्ट हूव्हर यांनी हॉटेलला भेट दिला. १८९७ मध्ये तेविशीही न गाठलेला हा अमेरिकन खाण-अभियंता एका लंडनच्या कंपनीसाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात आला, लिओनोराजवळची ‘सन्स ऑफ ग्वालिया’ खाण घेण्याची शिफारस त्याने केली, आणि १९२९ मध्ये तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. इथल्या एका दारू वाढणाऱ्या मुलीवर त्याचे प्रेम होते आणि तिच्यासाठी त्याने कविता लिहिली, अशी कथाही सांगितली जाते. पण ती कविता त्याचीच, याला भक्कम आधार नाही. आरसा मात्र समोर आहे, आणि त्याच्यापुढे निवांत उभे राहण्याइतका वेळ जरूर काढावा.

जेवण वरच्या सज्जातच घ्यावे. तिथून हॅनन स्ट्रीटची रुंदी नजरेत भरते. लांबलचक उंटांचे तांडे वळवता यावेत म्हणून रस्ता एवढा रुंद ठेवला, असे गावात सांगतात. समोरच्या कोपऱ्यावर एक्स्चेंज हॉटेल आहे. तेही जुनेच, पण इतिहासाच्या ओढीने येणाऱ्याने मुक्काम पॅलेसमध्येच करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळी त्याच रस्त्याने टाउन हॉलपर्यंत चालत जावे. तिथे पॅडी हॅननचा बसलेला पुतळा आहे, आणि त्याच्या हातात सोन्याचा गोळा नव्हे तर पाण्याची पखाल दिली आहे.