रोड्स ते पात्मोस, शिडाच्या बोटीने 90 दिवस: वापरानंतरचा अनुभव

एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून डोडेकनीज ही ग्रीक बेटं आहेत. भाड्याची 38 फुटी शिडाची बोट, तीन केबिन, चार माणसं, आणि एका हंगामात रोड्सहून पात्मोसपर्यंत जाऊन परत. एवढ्या वापरानंतरचं मत आधीच सांगतो: बोट कुठली घेता याला दुय्यम महत्त्व आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेने जाता, यावर हा प्रवास निवांत होणार की दमवणारा, हे ठरतं.

कारण मेल्तेमी नावाचा वारा. उन्हाळ्यात बाल्कनकडे हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानातलं अनातोलियाचं पठार तापून तिथे तो उतरतो. या फरकातून हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. या बेटांपाशी तो वायव्येकडून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर 6-7 बोफर्टपर्यंत (वाऱ्याचा जोर मोजण्याची 0 ते 12 ची पट्टी) जातो आणि एकदा धरला की कित्येक दिवस सोडत नाही. आकाश मात्र स्वच्छ निळं असतं आणि वायुभारमापकही खाली येत नाही, त्यामुळे नुसतं आभाळ पाहून काहीच कळत नाही. आता नकाशा पाहा: रोड्स आग्नेयेला, पात्मोस वायव्येला. म्हणजे ऐन हंगामात पात्मोसकडे जाणं म्हणजे लाटा तोंडावर घेत जाणं.

म्हणून मे ते जूनच्या मध्यापर्यंत वर चढायचं, मधले अडीच महिने बोट लेरोसच्या बोटयार्डात जमिनीवर ठेवायची आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वारा पाठीशी घेऊन उतरायचं. भाडेकरारात जमिनीवर ठेवण्याची मुभा आधीच लिहून घ्यावी लागते. व्हिसालाही हे गणित बसतं: शेंगेनमध्ये (ग्रीससह युरोपातल्या देशांचं सामायिक व्हिसा-क्षेत्र) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं आणि येण्या-जाण्याचे दोन्ही दिवस मोजले जातात. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा आणि दोन-तीन दिवस हातचे राखायला हवेत, कारण वारा व्हिसाची तारीख पाहत नाही. मे महिन्यात पाणी गार असतं, पोहायला सप्टेंबर उत्तम. ऑक्टोबरमध्ये मात्र गडगडाटी पाऊस आणि दक्षिणेचे वारे सुरू होतात, तेव्हा दक्षिणेकडे उघड्या खाडीत रात्र काढू नये.

टप्पे छोटे आहेत. रोड्स ते सिमी 25 सागरी मैलांच्या आसपास, लेरोस ते लिप्सी आणि लिप्सी ते पात्मोस साधारण 10 ते 12. ताशी 5 मैलांच्या वेगाने दोन ते पाच तासांत पुढचं बेट. सकाळी सातला निघावं, कारण वारा दुपारी चढतो आणि धक्क्यावरच्या जागाही दुपारीच भरतात. वारा 18 नॉटवर (ताशी 18 सागरी मैल) गेला की शिडाची पहिली घडी घालायची, 20 ची वाट पाहायची नाही. उंच बेटाच्या आडोशाला वारा कमी असेल हा समज तर आधी काढून टाकावा: डोंगरावरून खाली कोसळणारे झोत मोकळ्या समुद्रापेक्षा जोरात येतात. आडोशाच्या बाजूला शिरण्याआधीच शीड लहान केलेलं बरं.

खरी परीक्षा मात्र समुद्रात नसते, ती बंदरात असते. इथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. पुढे नांगर टाकून उलटं मागे येतात आणि मागची बाजू दोन दोरांनी धक्क्याला बांधतात. धक्क्यापासून बोटीच्या चार लांबी इतक्या अंतरावर, वाऱ्याच्या बाजूला थोडं सरकून नांगर सोडायचा. साखळी बोटीच्या वेगानेच सुटली पाहिजे, ढीग पडता कामा नये. खोलीच्या किमान चौपट साखळी हवी, वारा असेल तर त्याहून जास्त. अर्ध्या वाटेवर हलकेच रोखून नांगर रुतलाय का ते पाहायचं. वाऱ्याकडचा दोर आधी बांधायचा, मग दुसरा. शेवटी इंजिन पुढच्या गिअरमध्ये नाही, मागच्या गिअरमध्ये जोरात चालवून पाहायचं: साखळी ताठ राहिली तर नांगर धरलेला आहे. नांगर घसरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तळाचं समुद्रगवत. वरून गडद दिसतं ते गवत, फिकट निळी दिसते ती वाळू. नांगर नेहमी वाळूत टाकावा. गवताच्या मुळांत तो रुतत नाही आणि ते गवत उपटलं गेलं की भरून यायला फार वर्षं लागतात.

सिमीचं यालोस बंदर सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड. रंगीत नवअभिजात घरांच्या ओळी पाण्यापर्यंत उतरतात, पण तळही तसाच झपाट्याने खोल जातो. बंदर अरुंद, दोन्ही धक्क्यांवरून नांगर पडतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवर चढतात. सकाळी आपल्या नांगराबरोबर दुसऱ्याची साखळी वर आली तर घाबरून हिसका देऊ नये. ती पाण्याच्या वर येईल इतका नांगर उचला, तिच्याखालून एक दोर घालून त्याची दोन्ही टोकं बोटीला बांधा, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करा, बोट जरा मागे घ्या आणि दोराचं एक टोक सोडून द्या. हे सगळं करताना हात साखळी आणि बोटीच्या मध्ये येऊ द्यायचा नाही. ही कटकट नको असेल त्यांनी सिमीच्याच दक्षिणेला पानोर्मितीसच्या खाडीत थांबावं. ती जवळजवळ बंद आहे, काठावर मठ आहे आणि संध्याकाळी दिवसाच्या फेरीबोटी गेल्या की पाणी आरशासारखं होतं.

धक्का आणि बोट यांत दीड-दोन मीटर अंतर ठेवा. मोठी फेरीबोट आली की तिच्या लाटेने बोट मागे रेटली जाते आणि पाठ धक्क्यावर आपटते. पात्मोसच्या स्काला बंदरात हे हमखास होतं.

बोटीतल्या संसाराचं गणित असं: पाण्याची टाकी 350 लिटरची, चार माणसांना माणशी 20 ते 25 लिटर धरले की जेमतेम चार दिवस. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग गोड्या पाण्यात. विजेत सर्वांत जास्त खातो तो फ्रिज: दिवसाला 50 ते 60 अँपिअर-तास. दिवे, उपकरणं, फोन मिळून आणखी 25 ते 30. छतावरचं 200 वॉटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात 60 ते 70 भरून काढतं, उरलेलं इंजिनवर. पहाटे फ्रिज बंद पडला तर बहुधा फ्रिजचा दोष नसतो. बॅटरीचा दाब उतरला की तो स्वतःच थांबतो. आमच्या बोटीतल्या बॅटऱ्या जुन्या होत्या आणि सकाळी 11.8 व्होल्ट दाखवायच्या, भाड्याने देणाऱ्याने त्या बदलायला तीन आठवडे लावले. ताबा घेताना पहिल्या रात्री धक्क्यावरची वीज काढून फ्रिज चालू ठेवा. सकाळी 12.2 च्या खाली आकडा गेला, तर सही करण्याआधी बॅटऱ्या बदलून मागा. शौचालयात कागद टाकायचा नाही, अगदी एक तुकडाही नाही. नळी अरुंद असते आणि तुंबली की ती खोलण्यात पूर्ण दिवस जातो.

इंजिनचा आवाज बदलला किंवा मागून धूर-वाफ येऊन पाणी पडेनासं झालं, तर लगेच बंद करा. आधी समुद्राच्या पाण्याची गाळणी पाहा, तिथे गवत अडकलेलं असतं. ती साफ असेल तर पंपाचं रबरी चक्र गेलं असं समजा. पाण्याची झडप बंद करा, पंपाचं झाकण उघडा, नवं चक्र बसवा आणि तुटलेली पाती मोजा. एकही कमी भरली तर ती पुढे नळीत अडकली आहे, ती काढल्याशिवाय गरम होणं थांबत नाही. दोन चक्रं जवळ ठेवाच.

सिमी आणि कोसपाशी फोन आपोआप तुर्की नेटवर्क पकडतो आणि बिल फुगतं. ग्रीक नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

आता बेटं. रोड्सला तीन दिवस द्या. सेंट जॉनच्या नाइट्सनी (ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ) 1309 ते 1522 इथे राज्य केलं, ऑटोमन सुलतान सुलेमानाच्या वेढ्यानंतर ते गेले. तटबंदीच्या आतलं शहर पहाटे पाहावं, मोठी जहाजं लागल्यावर तिथे चालता येत नाही. नाइट्सच्या प्रमुखाचा, म्हणजे ग्रँड मास्टरचा, राजवाडा पाहताना लक्षात ठेवा, 1856 च्या स्फोटात तो उद्ध्वस्त झाला होता आणि आजचं रूप इटालियनांनी उभं केलेलं आहे. 1912 पासून ही बेटं त्यांच्या ताब्यात होती, ग्रीसमध्ये ती 1948 मध्ये आली. हा काळ सर्वांत स्पष्ट दिसतो लेरोसच्या लाक्कीमध्ये: रुंद रस्ते, गोल कोपऱ्यांच्या सरळसोट इमारती आणि कुठल्याही वाऱ्यात झोप लागेल असं खोल बंदर. निसिरोसला पालीच्या बंदरात थांबा, तळ उथळ आहे, आत शिरताना खोलीमापक पाहत राहा. ज्वालामुखीच्या स्टेफानोस विवरात कोसच्या सहली येण्याआधी उतरा. पायाखालची जमीन गरम असते, जाड तळव्याचे बूट हवेत. पात्मोसचा मठ 1088 चा, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, सकाळीच जावं.

पुढच्या खेपेला कोसचे दिवस कमी करून लिप्सीला आठवडा देऊ. साखळी 50 ऐवजी 70 मीटर मागू आणि दर 10 मीटरवर ती रंगवून घेऊ, म्हणजे किती सुटली ते अंधारातही मोजता येईल.